रायडिंग जॅकेट घ्यायचंय? आधी कोपर बघा

प्रश्न थोडक्यात असा: रोज कोथरूड ते हिंजवडी, साडेतीनशे सीसीची गाडी, महिन्यातून एकदा ताम्हिणीतून कोकणात, सप्टेंबरात स्पितीचा बेत, मागे बहुतेक वेळा बायको. बजेट बारा हजार. लेदर, मेश (जाळीचं) की टूरिंग (लांब प्रवासाचं, जाड कापडाचं) जॅकेट? आणि खांदा-कोपरावरचे संरक्षक पॅड ‘लेव्हल २’ चे नसतील तर जॅकेट घेऊच नये का?

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी जॅकेटं विकत नाही, दुरुस्त करते. पुण्यात माझं शिवणकामाचं छोटं वर्कशॉप आहे. सुरुवात बॅगा आणि गाड्यांच्या सीट कव्हरने झाली, गेली बारा वर्षं मात्र जास्त करून रायडिंग गिअरच येतं. चेन बदलणं, बाही आखूड करणं, काखेत कळी घालणं, आणि पडून आलेली जॅकेटं. स्वतः गाडी चालवते, दोनदा पडलेय. दुकानात जॅकेट पुतळ्याच्या अंगावर असतं. माझ्या टेबलावर येतं तेव्हा त्याची परीक्षा होऊन निकालही लागलेला असतो.

मागच्या पावसाळ्यातलं एक जॅकेट सांगते. वरंधा घाटात ओल्या वळणावर गाडी सरकली, वेग चाळीसच्या आसपास असं पोरगा म्हणाला. जॅकेट वीस हजारांच्या घरातलं, आत लेव्हल २ चे पॅड. उजव्या बाहीवर कोपरापाशी तळहाताएवढं कापड झिजून त्याची जाळी झालेली, कडा वितळून इतक्या कडक की नखाने टिचकी मारली तर वाजाव्यात. पॅड बाहेर काढला, तर त्यावर ओरखडासुद्धा नाही. कारण पडला तेव्हा पॅड कोपरावर नव्हताच. बाही हाताभोवती फिरली आणि पॅड कोपराच्या आतल्या बाजूला, रक्त तपासायला सुई टोचतात तिथे जाऊन बसला. हाडावर नुसतं कापड राहिलं. कोपराला सात टाके. दंडावर आणि कोपराखाली आवळायचे पट्टे होते, ते त्याने घेतल्यापासून एकदाही ओढले नव्हते. ‘ते डिझाइन आहे असं वाटलं मला,’ म्हणाला.

त्याच महिन्यात एका मुलीचं मेश जॅकेट आलं, निम्म्याहून कमी किमतीचं, लेव्हल १ चे पॅड. कात्रजच्या उतारावर रिक्षाने कट मारला म्हणून पडली. बाही फाटलेली, पॅडवर दोन बोटं रुंद खरवडलेला पट्टा. तिचं कोपर निळं पडलं होतं, तेवढंच. बाही तिच्या हाताला पहिल्यापासून घट्ट बसत होती.

तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. लेव्हल २ चांगलंच, पण जागेवर राहणारा लेव्हल १ हा फिरणाऱ्या लेव्हल २ पेक्षा कधीही बरा. आकडे सांगते. खांदा-कोपराच्या पॅडचं युरोपीय मानक ईएन १६२१-१. चाचणीत पॅडवर ५० ज्यूलचा आघात करतात, म्हणजे साधारण पाच किलोचं वजन एक मीटरवरून सोडल्याइतका. पलीकडे पोचणारं बल सरासरी ३५ किलोन्यूटनच्या आत असेल तर लेव्हल १, २० च्या आत असेल तर लेव्हल २. फरक लहान नाही. पण तो पॅड हाडावर असेल तरच. आणि हा आघात म्हणजे सीटच्या उंचीवरून जमिनीवर आपटण्याचा हिशोब आहे. झाडावर, कठड्यावर, समोरच्या ट्रकवर गेलात तर कुठल्याच लेव्हलच्या भरवशावर राहू नका.

आता ‘सीई’ या युरोपीय प्रमाणखुणेबद्दल, कारण सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. जाहिरातीत ‘सीई सर्टिफाइड जॅकेट’ लिहिलेलं असतं, आणि बहुतेक वेळा प्रमाणित असतो तो फक्त आतला पॅड. जॅकेटचं कापड, टिपा, चेन यांची कुणी चाचणी केलेलीच नसते. अख्ख्या कपड्याचं मानक वेगळं, ईएन १७०९२, हे २०२० चं. त्यात ट्रिपल ए, डबल ए, ए, बी आणि सी असे वर्ग आहेत. कापड फिरत्या यंत्रावरून काँक्रीटवर सोडून किती झिजतं ते पाहतात. खांदा-कोपरासारख्या सगळ्यात आधी टेकणाऱ्या भागांसाठी ट्रिपल ए ला साधारण १२०, डबल ए ला ७० आणि ए ला ४५ किलोमीटर वेगाइतकी परीक्षा असते. बी म्हणजे ए सारखंच, पण पॅडशिवाय. सी म्हणजे नुसता पॅड धरून ठेवणारा कपडा, घसरण्यापासून वाचवायचा त्याचा दावाच नसतो. अंगाला चिकटून बसणारे जाळीचे ‘आर्मर शर्ट’ बऱ्याचदा या वर्गातले. आपल्याकडे हेल्मेटला आयएसआय सक्तीचं आहे, जॅकेटला तशी सक्ती नाही, त्यामुळे विकणारा काहीही छापू शकतो.

दुकानात काय करायचं? जॅकेट उलटं करा. आतल्या बाजूला शिवलेल्या पट्टीवर मोटरसायकलस्वाराचं छोटं चित्र, त्याच्याजवळ ए किंवा डबल ए आणि ईएन १७०९२ असा आकडा असेल तर कपडा तपासलेला आहे. मग कोपराच्या खिशातून पॅड बाहेर ओढा. त्यावरही तसंच चित्र कोरलेलं असतं: कोपराला ई, खांद्याला एस, शेजारी १ किंवा २. स्टिकर किंवा लटकवलेलं लेबल मोजू नका. पॅड साध्या चपलेच्या फोमसारखा हलका आणि कोरा निघाला तर जॅकेट तिथेच ठेवा.

पाठीचा खिसाही उघडा. बऱ्याच महागड्या जॅकेटांतसुद्धा तिथे फोमचा पातळ तुकडा असतो, जागा भरायला ठेवलेला. दाबला की बोटं एकमेकांना लागतात. खरा पाठीचा पॅड ईएन १६२१-२ चा, त्यात लेव्हल १ ला १८ आणि लेव्हल २ ला ९ किलोन्यूटनची मर्यादा. तो वेगळा विकत मिळतो. फक्त नेताना आपल्या जॅकेटच्या पाठीच्या खिशाचं माप कागदावर काढून न्या. उभा पॅड आडव्या खिशात कोंबून मग चेन तुटली म्हणून माझ्याकडे येणारे दरवर्षी चार-पाच तरी असतात.

कापडाचं म्हणाल तर ‘६०० डी’ वाचून हुरळून जाऊ नका. डेनिअर म्हणजे ९००० मीटर सुताचं ग्रॅममधलं वजन, म्हणजे सूत किती जाड एवढंच. ते कशाचं आहे हे तो आकडा सांगत नाही. ५०० डेनिअरचं कॉर्ड्युरा नायलॉन साध्या ६०० डेनिअर पॉलिएस्टरपेक्षा सहसा जास्त टिकतं. पण खरं सांगू का, माझ्या टेबलावर येणारी बरीचशी जॅकेटं कापड फाटून मेलेली नसतात, टीप उसवून मेलेली असतात. २०११ साली ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरा परिसरातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अपघात झालेल्या २१२ चालकांच्या कपड्यांची पाहणी होती. रायडिंग जॅकेट घातलेल्यांना दवाखान्यात दाखल करावं लागण्याचं प्रमाण कमी निघालं, पण जवळपास ३० टक्के जॅकेटं पडण्यात निकामी झाली होती. तिथल्या बाजारातली ही गत, तर आपल्याकडचं काय ते समजून घ्या.

टीप कशी बघायची? खांद्यावरून बाही जिथे जोडली आहे तो मुंढा दोन्ही अंगठ्यांनी दोन बाजूंना ताणा. शिवणीतून दोरे दातांसारखे दिसायला लागले, कापड शिडीसारखं उघडायला लागलं, तर ती एकेरी टीप आहे आणि दोराही बेताचा. चांगल्या जॅकेटात मुंढ्याला आणि बाहीच्या बाहेरच्या शिवणीला किमान दोन ओळी असतात, त्यातली एक आत लपलेली. म्हणजे बाहेरची ओळ रस्त्यावर घासून गेली तरी आतली धरून ठेवते. नेमकं कोपरावर किंवा खांद्याच्या हाडावर शिवण, भरतकाम, रबरी लोगो असलेलं जॅकेट मला आवडत नाही. रस्ता पहिल्यांदा तिथेच पोचतो. फॅशनसाठी जोडलेले रंगीत तुकडे म्हणजे उसवायला मिळालेल्या तेवढ्या जास्त जागा.

लेदरबद्दल थोडक्यात. घासण्याला त्याच्यासारखं काही नाही, वितळत तर नाहीच. पण ते जाड लेदर, सव्वा मिलिमीटरच्या आसपासचं. बाजारात मिळणारी मऊ, पातळ फॅशन जॅकेटं त्यात धरू नका. आणि जून ते सप्टेंबर कपाटात त्याला बुरशी येणार, एप्रिल-मेमध्ये तुम्ही ते घालणार नाही. वर्षातून जेमतेम सहा महिने वापराल. तुमच्या वापराला नको.

मेश की टूरिंग? तुमचा रोजचा रस्ता चांदणी चौक, बाणेर, वाकडचा पूल, सगळीकडे गर्दी. मेशबद्दल एक गैरसमज आहे की ते थंड ठेवतं. ते नुसता वारा आत सोडतं. सिग्नलला उभे असाल तेव्हा मेशमध्येही घाम येणारच. फरक गाडी हलल्यावर कळतो. टूरिंग जॅकेटमध्ये हलल्यावरही फारसा कळत नाही, म्हणून मग लोक पुढची चेन उघडी ठेवतात, आठ दिवसांनी जॅकेट मागच्या सीटला बांधतात, महिन्याने घरी ठेवतात. माझ्याकडे चेन बदलायला आलेल्या टूरिंग जॅकेटांच्या कोपरांवर, कफावर वापराची खूणसुद्धा नसते. तीन वर्षं जुनं आणि नवंकोरं. तुमच्यासाठी मेश, किंवा छाती-बाही मेशची आणि खांदा-कोपर जाड कापडाचं, असं मिश्र जॅकेट. पूर्ण मेशमध्ये खांदा आणि कोपरावरही जाळीच असेल तर ते नको.

उन्हाळ्यात सोलापूर-लातूरकडे जाणार असाल तर एक लक्षात ठेवा. हवा बेचाळीसवर गेली की ती त्वचेपेक्षा गरम असते, आणि मेशमधून येणारा गरम वारा घाम भराभर वाळवतो, अंगातलं पाणी कमी होतं. तेव्हा आत सुती बनियन ओला करून घाला, वर जॅकेटची चेन पूर्ण लावा, तासाभराने थांबून पाणी प्या. कोकणात याच्या उलट, दमट हवेत घाम वाळतच नाही. तिथे मेशमधून जितका वारा येईल तितका हवा.

पावसासाठी जॅकेटच्या आतलं वॉटरप्रूफ अस्तर हा माझ्या मते आपल्या पावसाला निरुपयोगी प्रकार. युरोपातल्या तासाभराच्या रिमझिमीला ठीक असेल. ताम्हिणीत जुलैमध्ये दोन तासांत बाहेरचं सगळं कापड पाणी पितं, जॅकेट दीडपट जड होतं, वारा लागून गारठा भरतो, बाहेरच्या खिशातले पैसे आणि मोबाइल भिजतात, आणि रात्री माणगावच्या लॉजवर ते वाळत नाही. सकाळी तेच ओलं अंगावर. त्याऐवजी वरून घालायचा दोन तुकड्यांचा रेनकोट घ्या, पॅडसकट जॅकेटवर बसेल असा मोठ्या मापाचा, पिवळा किंवा फ्लोरोसंट. स्पितीतही हाच कामाला येतो. तिथली कुंझुम खिंड साडेचार हजार मीटरच्या वर आहे, सप्टेंबरात सकाळी बोटं वळत नाहीत. आत थर्मल, त्यावर फ्लीस, मग मेश जॅकेट, आणि वरून रेनकोट वारा अडवायला. त्यासाठी जॅकेट एक माप मोठं मात्र घेऊ नका! पुण्यात अकरा महिने सैल कोपर घेऊन फिराल. पातळ, अंगासरशी फ्लीस घ्या.

माप कसं बघायचं ते नीट सांगते, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. नेहमी जो टी-शर्ट घालता तोच घालून दुकानात जा. गाडी दुकानासमोर लावा. चेन, कफ, कमरेचे आणि बाहीचे पट्टे सगळे लावून गाडीवर बसा, हात हँडलवर ठेवा. दुकानदार कुरकुरला तर दुसरं दुकान बघा, नाना पेठेत कमतरता नाही. आता सोबतच्या माणसाला सांगा, कोपरावरचा पॅड दोन बोटांत धरून आत-बाहेर फिरव. थोडा हलणारच. पण हाडावरून सरकून बाजूला गेला तर ते माप नाही. मग मनगटापासून बाही कोपराकडे ढकलायला सांगा. रस्त्यावर पडल्यावर नेमकं हेच होतं. बाही वर सरकली आणि पॅड दंडावर गेला तरीही नापास. खांद्याचा पॅड वाटीसारखा हाडावर बसायला हवा, दंडावर लोंबता कामा नये. पुढे वाकल्यावर कंबर उघडी पडत नाही ना, मान वळवून मागे बघताना कॉलर गळ्याला काचत नाही ना, तेही बघा. उभं असताना बाही जरा लांब वाटली तर ते बरोबर आहे, हँडल धरल्यावर ती मागे जाते.

बऱ्याच जॅकेटांत कोपराच्या खिशात वेल्क्रो असतं, पॅड इंचभर वर-खाली करता येतो. विक्रेते सांगत नाहीत, तुम्ही विचारा. ऑनलाइन मागवत असाल तर हे सगळं घरी, पार्किंगमध्ये, लेबलं न काढता करा. आणि जॅकेट परत करायच्या मुदतीच्या शेवटच्या दिवसाची वाट बघू नका.

‘सैल निघालं तर तुमच्याकडे ऑल्टर करून घेऊ’ असं मनात असेल, तर माझाच धंदा कमी करणारं एक वाक्य: बाहीची आतली, काखेकडून मनगटाकडे जाणारी शिवण घेऊन घेर कमी करता येतो, जास्तीचा पट्टा लावता येतो. खांदा मी उघडत नाही. मुंढा उसवून पुन्हा शिवला की कंपनीने जी टीप तपासून घेतली होती ती गेली, आता ती माझी टीप आहे, आणि माझी टीप कुणी काँक्रीटवर घासून पाहिलेली नाही.

रंगाचं माझं मत वेडगळ वाटेल, कारण दहातले आठ जण काळंच आणतात. २००४ मध्ये न्यूझीलंडमधल्या ऑकलंड भागातला एक अभ्यास आला होता. फ्लोरोसंट किंवा रिफ्लेक्टिव्ह कपडे घालणाऱ्यांना जखमी होण्याइतक्या अपघाताची शक्यता ३७ टक्क्यांनी कमी निघाली. काळंच हवं असेल तर घ्या, पण पाठीवर आणि बाह्यांच्या मागे रिफ्लेक्टिव्ह पट्टी बघून घ्या. पाठीवर बॅग येत असेल तर पाठीची पट्टी झाकली जाणार, मग बाहीवरची तरी हवीच.

बारा हजारांचं गणित मी असं करेन: ए किंवा डबल ए चं लेबल असलेलं मिश्र मेश जॅकेट सात-आठ हजारांत बसवायचा प्रयत्न, पाठीचा लेव्हल २ पॅड वेगळा, उरलेल्यात रेनकोट. लेबलवालं त्या किमतीत नाहीच मिळालं तर निदान पॅड कोरीव चित्रवाले आणि मुंढ्याला दुहेरी टीप, यावर अडून बसा. ग्लोव्हज आहेत ना? नसतील तर रेनकोट पुढच्या महिन्यात घ्या, आधी ग्लोव्हज. पडताना माणूस पहिल्यांदा हात टेकतो.

धुताना पॅड सगळे काढा, गार पाण्यात हाताने धुवा, सॉफ्टनर घालू नका, सावलीत वाळवा. पॅड परत घालताना डावं-उजवं आणि बाहेरची बाजू बघून घाला. उलटे घातलेले पॅड मी आठवड्याला एक तरी बघते.

राहिली मागे बसणारी. प्रश्नात तिच्या जॅकेटचा उल्लेखच नाही, आणि बजेट एकाचंच आहे. तुमचं जुनं जॅकेट तिला द्यायचा विचार असेल तर वर सांगितलेली कोपराची परीक्षा तिच्यावर करून बघा. पुरुषांच्या मापाची बाही बाईच्या हातावर हमखास फिरते, खांद्याचा पॅड दंडावर येतो. बायकांच्या मापाची जॅकेटं आता मिळतात, दुकानात एक-दोनच लटकलेली असतात म्हणून मागून घ्यावी लागतात. तिला सोबत न्या, मागच्या सीटवर बसवा, तुमच्या कमरेला किंवा मागच्या ग्रॅब रेलला धरते तसंच धरायला सांगा. हात मागे नेऊन धरत असेल तर तिच्या बाहीला तुमच्यापेक्षा वेगळ्या ठिकाणी ताण येतो, कोपराच्या पट्ट्याचं बटण एक घर आत घ्यावं लागतं. पैसे कमी पडत असतील तर स्पिती पुढच्या वर्षी करा आणि या वर्षी दोन मेश जॅकेटं घ्या.